इंग्लंडच्या टेकड्यांवर ग्रॅव्हल सायकल: वाट कोणती, टायर कोणते आणि इथे सराव कुठे करावा?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये मी धाकट्या भावाकडे इंग्लंडला, रेडिंग शहरी, जाणार आहे. तिथल्या मुक्कामातला बराचसा वेळ दक्षिण इंग्लंडच्या टेकड्यांवर ग्रॅव्हल सायकल (कच्च्या वाटांसाठीची, रुंद टायरची सायकल) चालवण्यात घालवायचा, असे आम्हा दोघांचे ठरले आहे, आणि त्यासाठी या विषयातल्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझी सगळी सवय खानापूर तालुक्यातली आहे: नंदगड-हलशी पट्ट्यातल्या पाणंदी, जांबोटीकडच्या जांभ्या दगडाच्या कच्च्या वाटा आणि अधूनमधून कणकुंबीपर्यंतचा डांबरी रस्ता. सायकलला ३८ मिलिमीटरचे टायर आहेत. दिवसभर सायकलवर बसण्याची चिंता मला वाटत नाही. चिंता वाटते ती अनोळखी जमिनीची आणि अनोळखी नियमांची.

भावाने पाठवलेल्या नकाशावर शेतांमधून, कुरणांमधून आणि गावांच्या पाठीमागून जाणाऱ्या तुटक रेषांचे दाट जाळे दिसते. पण त्यातल्या पुष्कळ वाटांवर सायकल नेता येत नाही, असे त्याच्या शेजाऱ्यांनी त्याला बजावले आहे. आपल्या शिवारात पाणंद दिसली की आपण तिच्यात शिरतो, समोरून बैलगाडी किंवा उसाचा ट्रॅक्टर आला तर कडेला उभे राहतो, आणि बांधावर कोणी असेल तर ‘ही वाट पुढे निघते का?’ एवढेच विचारतो. तिथे कोणाला विचारायचे आणि सायकलची वाट ओळखायची कशी?

दुसरे असे, की त्या टेकड्यांची उंची तीनशे मीटरच्याही आत आहे. बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर वसलेले आहे. तरीही त्या भागात सायकल चालवून आलेले लोक तो प्रदेश दमवणारा आहे असे सांगतात, त्याचे कारण काय असावे? आणि शेवटी, माझे टायर व गिअर तिथे पुरतील का, इथल्या जुलै-ऑगस्टच्या पावसात सराव कुठे करावा, आणि सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी, यावरही अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

वेशीपलीकडे (मूळचा उचगावचा, सध्या हॅम्पशायर)

ताई, वाटेच्या हक्काचा प्रश्न तुम्ही पहिला घेतलात हे फार बरे केलेत, कारण सगळी आखणी त्याच्यापासूनच सुरू करावी लागते. इकडे शेत खासगी असते, कुरण खासगी असते, रानही पुष्कळदा खासगीच असते. परंतु त्यातून जाणारी वाट सार्वजनिक असू शकते, आणि तो हक्क मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. १९४९ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या कौन्सिलांना अशा वाटांचे अधिकृत नकाशे तयार करायला लावले. त्या नकाशावर चढलेली वाट मालकाला मनाला येईल तेव्हा बंद करता येत नाही. शेकडो वर्षे माणसे, मेंढरे आणि घोडी ज्या वाटांवरून गेली, त्या वाटा केवळ गावकऱ्यांच्या आठवणीवर न सोडता कागदावर आणून ठेवल्या, ही मला या देशातली अत्यंत आदर करण्याजोगी गोष्ट वाटते.

या वाटांचे चार प्रकार आहेत आणि चारही नीट समजून घ्यावेत. फूटपाथ ही केवळ पायी चालणाऱ्यांची वाट; तिच्यावर सायकल चालवण्याचा हक्क नाही. तसे केल्यास तो सहसा फौजदारी गुन्हा ठरत नाही, पण जमीनमालकाच्या दृष्टीने ते अतिक्रमणच असते. ब्रायडलवे ही मुळात पायी आणि घोड्यावरून जाणाऱ्यांची वाट. १९६८ च्या कंट्रीसाइड अॅक्टने तिच्यावर सायकलींनाही परवानगी दिली, परंतु एका अटीवर: सायकलस्वाराने पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट दिली पाहिजे. त्याच कायद्यात असेही आहे, की सायकलींच्या सोयीसाठी ही वाट सुधारून देण्याचे बंधन कोणावरही नाही. म्हणून ब्रायडलवे कुठे गुळगुळीत असते, तर कुठे घोड्यांच्या टापांनी पार उखळलेली असते, आणि त्याबद्दल तक्रार करायला जागा नसते. तिसरा प्रकार रिस्ट्रिक्टेड बायवे, जो २००० च्या कायद्याने आणला. तिथे घोडागाडीही चालते, पण मोटारी चालत नाहीत. चौथा प्रकार सर्व वाहनांना खुला असलेला बायवे. तिथे मोटारसायकली आणि जीपगाड्याही येतात, त्यामुळे चाकोऱ्या खोल असतात.

जागेवर ओळखायचे तर खांबांवरचे बाण पाहावेत. पिवळा बाण फूटपाथचा, निळा ब्रायडलवेचा, जांभळा रिस्ट्रिक्टेड बायवेचा आणि लाल सर्व वाहनांच्या बायवेचा. पिवळा सोडून बाकीचे तीन आपले. फाटकावरूनही अंदाज येतो. ब्रायडलवेच्या फाटकाला बहुधा एक उंच उभा दांडा असतो, कारण घोड्यावरून न उतरता स्वाराला तो ओढून कडी काढता यावी लागते. सायकलवर बसल्या बसल्याही तो हाताशी येतो. याउलट कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या आल्या, की आपण फूटपाथवर आहोत असे समजून नकाशा उघडावा, कारण घोडा त्या पायऱ्या चढू शकत नाही.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा, १:२५,००० प्रमाणाचा घ्यावा. त्यावर सार्वजनिक हक्काच्या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात: आखूड रेषा फूटपाथच्या, लांब रेषा ब्रायडलवेच्या. त्याच नकाशावर काळ्या तुटक रेषांच्याही वाटा दिसतात. जमिनीवर तिथे वाट आहे, इतकाच त्यांचा अर्थ. तिथून जाण्याचा हक्क आहे, असा नव्हे. मोबाइलवरच्या अॅपमध्ये ‘इथून पुष्कळ सायकली गेल्या’ असे दाखवणाऱ्या ठळक रेषांवरही विसंबू नये. लोक गेले यावरून हक्क सिद्ध होत नाही. (स्कॉटलंडचा कायदा पूर्ण वेगळा आणि पुष्कळ उदार आहे, तिथले वाचून इंग्लंडची आखणी करू नये.)

आता उंचीविषयी. साउथ डाउन्स वे ही विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंतची सुमारे १६० किलोमीटरची वाट आहे आणि ती पूर्ण अंतर सायकलने करता येते. वाटेतली बट्सर हिल २७० मीटरची, डिचलिंग बीकन २४८ मीटरची. पण ही डोंगररांग सलग नाही. मियॉन, अरुन, अडूर, ऊझ आणि ककमिअर या नद्यांनी ती जागोजागी कापली आहे. प्रत्येक नदीपाशी वाट जवळजवळ तळाला उतरते आणि लगेच पुन्हा माथ्यावर चढते. त्यामुळे टोकापासून टोकापर्यंतच्या चढांची बेरीज साडेतीन हजार मीटरच्या पुढे जाते. आपल्याकडे चोर्ल्याचा घाट एकदा चढला की दम खायला सपाटी मिळते. इथे चढ आखूड असतात, पण खडे असतात, आणि संपले संपले म्हणता पुन्हा सुरू होतात. डिचलिंग बीकनचा डांबरी रस्ता सुमारे दीड किलोमीटरात १४० मीटर चढतो, आणि कच्च्या वाटांचे काही चढ त्याहूनही खडे आहेत.

जमीन खडूच्या दगडाची. खडूचा दगड पाणी शोषून घेतो, म्हणून पाऊस थांबल्यावर माथ्यावरची वाट चिखलात अडकवत नाही. पण ओला असताना त्याचा पृष्ठभाग विलक्षण निसरडा होतो, विशेषतः उतारावर आणि झाडाखाली. टेकडीखाली उतरलात की चिकणमाती लागते. तिचे गुण बैलहोंगलकडच्या काळ्या रानासारखेच समजा.

निपाणीचा कारागीर

सायकल दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे, म्हणून टायर आणि गिअर यांच्यापुरतेच लिहितो.

३८ मिलिमीटरच्या टायरवर हा प्रवास होईल, पण सुखाचा होणार नाही. फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये जागा असेल तर ४२ ते ४५ मिलिमीटरचे टायर बसवावेत, आणि ते ट्यूबलेसच असावेत. याची दोन कारणे आहेत. खडूच्या दगडात चकमकीच्या गारांचे गोळे असतात. ते फुटले की त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार निघतात, आणि टायरच्या बाजूची पातळ भिंत त्यांना तोंड देऊ शकत नाही. म्हणून बाजू जाड असलेला टायर मागून घ्यावा, चार पैसे जास्त पडले तरी. दुसरे कारण काट्यांचे. तिकडच्या शेतांना हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपांची कुंपणे असतात. पक्ष्यांच्या विणीसाठी १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात शेतांवरच्या कुंपणांची छाटणी बंद असते, आणि सप्टेंबर उजाडला की यंत्रे सुरू होतात. छाटलेल्या फांद्यांचे काटे वाटेवर पडतात. ताई, तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत तिथे आहात. बाभळीच्या काट्याने चाक बसण्याचा अनुभव आपल्याकडे प्रत्येकाला असतो. तिथला काटा लहान असतो, पण काम तेच करतो.

प्रवासाला निघण्याआधी टायरमधले सीलंट (बारीक भोक आतून बुजवणारा द्रव) नवे भरावे. इकडच्या उन्हाळ्यात ते लवकर सुकते, आणि पुष्कळ लोक टायर एकदा भरले की विसरून जातात. सोबत प्लगची (भोकात खुपसायच्या रबरी पट्ट्यांची) पुडी, एक सुटी ट्यूब, टायरच्या आतून लावायला जाड कापडी तुकडा आणि हातपंप ठेवावा. गार मोठी चीर पाडते तेव्हा प्लग टिकत नाही. आतून तुकडा लावून ट्यूब घालावी लागते, आणि हे काम रस्त्याच्या कडेला करण्याची सवय घरी अंगणात करून ठेवावी. हवेचे म्हणाल तर ४२ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरला साठ-पासष्ट किलो वजनाच्या माणसासाठी पुढे २८ ते ३० आणि मागे ३० ते ३३ पीएसआय इथून सुरुवात करावी. रिम दगडाला आपटत असेल तर दोन-दोनने वाढवावी. आपल्याकडे टायर कडक भरण्याची जी सवय आहे, ती तिथे मोडावी लागेल, कारण कडक टायर गारांवर उड्या मारतो आणि ओल्या खडूवर पकड सोडतो.

गिअरच्या बाबतीत एकच नियम सांगतो: सगळ्यात हलक्या गिअरमध्ये मागच्या चकतीचे दात पुढच्या चकतीपेक्षा जास्त असले पाहिजेत. पुढे ४० दात असतील तर मागे किमान ४२, सामान लादून जाणार असाल तर त्याहून जास्त. खड्या चढावर ओल्या खडूच्या दगडावर उभे राहून पॅडल मारता येत नाही. मागचे चाक जागेवरच फिरते. बसूनच चढायचे, म्हणून गिअर हलका हवा. पुढे दोन चकत्या असतील तर ४६ आणि ३० ची जोडीही उत्तम.

जाण्यापूर्वी डिस्क ब्रेकचे पॅड पाहून घ्यावेत. ओल्या खडूची पांढरी पिठी पॅडमध्ये बसते आणि पॅड झपाट्याने झिजवते. एक नवी जोडी सोबत असावी. डिरेल्युअरचा हँगरही (गिअर बदलणारा मागचा भाग फ्रेमला ज्यावर अडकवतात तो धातूचा तुकडा) एक जादा घ्यावा. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि परक्या गावात ऐन वेळी मिळेलच असे नाही.

शिनोळी नाका

सरावाविषयी लिहिते, कारण पावसाळ्यातही सायकल बंद ठेवायची नाही, हा माझा नेम आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावभोवतीच्या भातपट्ट्यातल्या पाणंदी पूर्ण सोडून द्याव्यात. रोपलागणीच्या दिवसांत केजव्हीलचे ट्रॅक्टर त्याच वाटांवरून फिरतात, वाटेचा रबडा होतो, आणि तिथे सायकल घातली तर आपलाही सराव होत नाही व शेतकऱ्याच्या वाटेचे आणखी वाटोळे होते. बांधावरून तर कधीच जाऊ नये. ओला बांध चाकाने फुटला की वाफ्यातले पाणी निघून जाते. बैलहोंगल, सौंदत्तीकडची काळी माती पावसात चाक, फोर्क आणि ब्रेक यांच्यामध्ये इतकी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. वर चिकणमातीचा उल्लेख आला आहे, तेव्हा तो अनुभव एकदा घेऊन ठेवायला हरकत नाही, पण एकदाच.

खरा सराव जांभ्याच्या माळावर होतो. पाणी निचरून जाते, वाट कठीण राहते आणि दगडावर शेवाळ धरते. शेवाळलेल्या जांभ्यावर उतरताना ब्रेक कसा लावायचा हे ज्याला जमले, त्याला ओल्या खडूवर फारसे नवे शिकावे लागणार नाही, असे माझे मत आहे. पुढचा ब्रेक हळूहळू आणि चाक सरळ असतानाच लावावा. वळणाच्या आधी वेग कमी करून घ्यावा आणि वळणात ब्रेकला हात लावू नये. वजन मागे घ्यावे, पण हँडल हलके होईल इतके मागे नाही. एका छोट्या उतारावर हे पुन्हा पुन्हा करून पाहावे. वेगाची हौस डांबरी रस्त्यावर भागवावी.

आखूड आणि खड्या चढांसाठी येळ्ळूरचा राजहंसगड आहे, देवरवाडीहून वैजनाथ आणि पुढे महिपाळगड आहे. गडावर एकदा चढून परतायचे, असे करू नका. चढा, पायथ्यापर्यंत उतरा, पुन्हा चढा. नद्यांनी कापलेल्या डोंगररांगेचे वर्णन वाचल्यावर हाच सराव योग्य वाटतो. घाटाचा लांब चढ सावकाश एका लयीत चढण्याची आपल्याला सवय असते; दर अर्ध्या तासाने छाती भरून येईल असा चढ, मग थंडगार उतार, मग पुन्हा चढ, याची सवय वेगळीच करावी लागते.

कणकुंबी आणि जांबोटीच्या बाजूला धो धो पावसात एकटीने जाऊ नका, ताई. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये, हे तुम्हाला माहीत असेलच. हा धागा वाचणाऱ्या नवख्या मुलांसाठी लिहून ठेवते.

एक गोष्ट मनात आली. कर्नाटकच्या महसुली गाव-नकाशांवर गाडीवाट आणि पायवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेल्या असतात, आणि ते नकाशे आता ऑनलाइन पाहता येतात. तुमच्या गावाचा नकाशा काढून तो प्रत्यक्ष शिवाराशी ताडून पाहा. कोणती वाट कागदावर आहे, कोणती केवळ वहिवाटीने पडली आहे, आणि कोणती कागदावर असून जमिनीवर उरलीच नाही, हे समजते. नकाशावरच्या रेषेकडे बारकाईने पाहण्याची जी सवय तुम्हाला इंग्लंडमध्ये लागणार आहे, ती इथेच लागेल, आणि आपल्या पाणंदींकडेही आपण जास्त आस्थेने पाहू लागू. मला तरी तसे झाले आहे.

हिडकलकर

भाऊ रेडिंगला राहतो म्हणजे तुमचे दैवच बलवत्तर म्हणायचे. किंग आल्फ्रेड्स वे हा मार्ग थेट रेडिंगमधूनच जातो. सायकलिंग यूके या संस्थेने तो २०२० मध्ये खुला केला. सुमारे ३५० किलोमीटरचा हा गोल मार्ग विंचेस्टरला सुरू होतो आणि विंचेस्टरलाच संपतो. नवव्या शतकातला वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याचे नाव त्याला दिले आहे, कारण विंचेस्टर ही त्याची राजधानी होती. वाटेत सॅलिस्बरी, स्टोनहेंज, एव्हबरीची शिळावर्तुळे, रिजवेची प्राचीन वाट, रेडिंग, फार्नम आणि शेवटी साउथ डाउन्स असे सारे काही येते. गोल असल्यामुळे रेडिंगहून निघून रेडिंगलाच परत येता येईल, गाडी किंवा रेल्वे काहीच लागणार नाही. मी तर म्हणेन, एवढ्या लांब जाता आहात तर तुकड्या-तुकड्यांनी फिरण्यापेक्षा हा एकच मार्ग पूर्ण करा. रोजचे सत्तर किलोमीटर धरले तरी पाच दिवसांत होतो.

वेशीपलीकडे

हिडकलकर दादा, मार्ग सुंदर आहे याबद्दल दुमत नाही, आणि त्याची माहिती तुम्ही अचूक दिली आहे. तरीही पहिल्याच भेटीत पूर्ण मार्ग करू नये, असे मी ताईंना सांगेन. रोजचे सत्तर किलोमीटर हा आकडा डांबरी रस्त्याचा हिशेब मनात धरून काढला जातो. खडू, गारा, फाटके, चढ आणि नकाशा पाहण्यासाठीचे थांबे धरले की ताशी बारा-तेरा किलोमीटरचा वेगही चांगला मानावा लागतो. सप्टेंबरच्या मध्याला दक्षिण इंग्लंडमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. जूनसारखा साडेनऊपर्यंतचा उजेड तेव्हा मिळत नाही. शिवाय गोल पूर्ण करायचा म्हटले की पाऊस लागला तरी पुढे जावेच लागते, आणि राहण्याची ठिकाणे आधी ठरवून ठेवावी लागतात. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठेही तंबू ठोकता येत नाही. डार्टमूर हा त्याला अपवाद आहे, पण तो या मार्गावर नाही.

माझा सल्ला असा, की वाट तिच्या नावावरून नव्हे, तर त्या आठवड्यातल्या हवामानावरून आणि जमिनीवरून निवडावी. पहिल्या दिवशी रेडिंगहून केनेट आणि एव्हन कालव्याच्या काठाने न्यूबरीपर्यंत जावे. वाट सपाट आहे, चुकण्याची भीती नाही, आणि नवी सायकल, नवे टायर, थंड वारा या सगळ्यांची ओळख होते. कालव्याची वाट अरुंद असते आणि पुलाखाली तर समोरचे दिसतच नाही, तेव्हा घंटी वाजवून सावकाश जावे. तिथे पायी चालणाऱ्याचा मान पहिला.

त्यानंतर कोरडे दोन दिवस मिळाले की रिजवे करावा. रेडिंगहून रेल्वेने थोड्याच वेळात गोरिंगला उतरता येते. तिथे थेम्स ओलांडली की रिजवेचा पश्चिम भाग सुरू होतो आणि एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपर्यंत सुमारे ७० किलोमीटर जातो. हा भाग ब्रायडलवे आणि बायवे यांनी बनलेला असल्यामुळे सायकलला खुला आहे. गोरिंगच्या पूर्वेकडच्या भागात मात्र बरेच तुकडे फूटपाथचे आहेत. पाटीवर रिजवे असे लिहिले आहे म्हणून तिकडे सायकल घालू नका.

या पट्ट्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मला तो दक्षिण इंग्लंडमधला सर्वांत समृद्ध तुकडा वाटतो. वाट टेकडीच्या माथ्यावरून जाते. उत्तरेकडे कडा एकदम तुटतो आणि खाली सपाट शेतांचा प्रदेश दिसतो. दक्षिणेकडे जमीन हळूहळू उतरत जाते. अफिंग्टनजवळ २६१ मीटर उंचीची व्हाइट हॉर्स हिल आहे आणि तिच्या उतारावर गवत खरवडून, चर खणून, त्यात खडू ठासून काढलेला घोडा आहे. तो साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा मानतात. तीन हजार वर्षे टिकला याचे कारण दगड नव्हे. दर पिढीतल्या लोकांनी तिथे येऊन गवत काढले आणि नवा खडू भरला, म्हणून तो आज दिसतो. एक-दोन पिढ्यांनी हात आखडता घेतला असता तर गवताने तो गिळला असता. तिथून थोडे पुढे वाटेला लागूनच, बीचच्या झाडांच्या दाटीत, वेलँड्स स्मिदी हे नवाश्मयुगातले दफनस्थान आहे. तिथे सायकल बाहेर लावून आत पायी जावे.

पाण्याची अडचण लक्षात ठेवा. माथ्यावर गावे नाहीत. खडूच्या दगडातून पाणी खाली झिरपते आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते, म्हणून गावेही पायथ्याशीच वसली आहेत. पाण्यासाठी खाली उतरलात की शंभर मीटर परत चढावे लागते. दोन मोठ्या बाटल्या भरूनच गोरिंग सोडावे. पश्चिम टोकाला पोचल्यावर स्विंडनचे रेल्वे स्थानक पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. तिथून रेडिंगला थेट गाडी मिळते.

साउथ डाउन्स पुढच्या खेपेला ठेवा, किंवा हवा चांगली राहिली तर त्याचा एखादा दिवसाचा तुकडा करा.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. हिडकलकर दादा, पूर्ण गोल करण्याची ओढ मलाही होती, पण उजेडाचा आणि मुक्कामाचा हिशेब पटला. कालवा आणि रिजवे असे आम्ही ठरवतो. माझ्या फ्रेममध्ये ४० मिलिमीटरपेक्षा मोठा टायर बसत नाही आणि मागे ३६ चीच चकती आहे, त्यामुळे सायकल इथून न नेता तिथे ग्रॅव्हल सायकल भाड्याने घ्यावी, असे वाटू लागले आहे. इथला सराव याच सायकलवर चालू ठेवीन. येत्या रविवारी राजहंसगडापासून सुरुवात करते.

दोन शंका उरल्या. घोडेस्वार समोर किंवा पुढे दिसल्यास नेमके काय करायचे? आपल्याकडे बैल बुजू नये म्हणून आपण थांबतो, तेवढे पुरे आहे का? आणि वाटेत कुरणातून जाताना गाईंचा कळप आडवा आला तर?

निपाणीचा कारागीर

भाड्याने घेण्याचा निर्णय योग्य आहे. घेताना दुकानात तीन गोष्टी पाहाव्यात: टायर ट्यूबलेस आहेत का आणि त्यात सीलंट ताजे आहे का, मागची मोठी चकती किती दातांची आहे, आणि ब्रेक पॅडमध्ये जाडी शिल्लक आहे का. तुमचे पॅडल आणि बसण्याची सीट इथून घेऊन जा. या दोन्ही वस्तू बॅगेत मावतात, आणि अंगाला सवय असते ती त्यांचीच. सीटची उंची, पॅडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून मोजून, कागदावर लिहून ठेवा.

वेशीपलीकडे

थांबणे पुरेसे नाही, ताई. बोलणे आवश्यक आहे. मागून येणाऱ्या सायकलचा आवाज घोड्याला जवळजवळ ऐकू येत नाही, आणि अचानक शेजारी काहीतरी सरकले की तो उसळतो. म्हणून बऱ्याच अंतरावरून वेग कमी करावा आणि ‘हॅलो’ किंवा ‘गुड मॉर्निंग’ असे मोठ्याने म्हणावे. माणसाचा आवाज ऐकला की घोडा ओळखतो की मागे माणूस आहे. स्वार मान वळवून खूण करील तोपर्यंत मागेच राहावे. इकडच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या नियमावलीत, २०२२ पासून स्पष्ट सांगितले आहे, की घोड्याजवळून वेगाने किंवा अगदी लगटून जाऊ नये, आणि त्याच्या डाव्या बाजूने पुढे जाऊ नये. रिजवेच्या दक्षिणेला लँबोर्न आहे. तिथे शर्यतीचे घोडे तयार करतात, तेव्हा सकाळी त्या पट्ट्यात घोडे दिसणार असे धरूनच चालावे. समोरून घोडा आला आणि वाट अरुंद असेल, तर उतरून सायकल आणि आपण एकाच बाजूला, घोड्याला पूर्ण दिसेल असे उभे राहावे. झुडपात लपल्यासारखे उभे राहू नये, घोडा त्याला जास्त भितो.

गाईंच्या बाबतीत तुमची गावाकडची समज उपयोगी पडेल. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये. कळप आडवा असेल तर सायकलवरून उतरून, सायकल आपल्या आणि जनावरांच्या मध्ये ठेवून, लांबून वळसा घ्यावा. अशा वेळी वाट सोडून थोडे बाजूने गेलात तर कोणीही बोलणार नाही. फाटक मात्र जसे असेल तसेच ठेवावे: लावलेले असेल तर लावावे, मुद्दाम उघडून बांधून ठेवलेले असेल तर उघडेच ठेवावे, कारण पलीकडच्या पाण्यावर जनावरे जावीत म्हणून शेतकऱ्याने ते तसे ठेवलेले असते.

रेल्वेचे एक राहिले. गोरिंगला थांबणाऱ्या जवळच्या पल्ल्याच्या गाड्यांत सायकल नेणे सोपे असते, पण सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी त्यावर निर्बंध असू शकतात, आणि स्विंडनहून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलची जागा मोजकीच असते. म्हणून तिकिटाबरोबर सायकलची जागाही आधीच राखून घ्यावी, आणि शनिवार-रविवारच्या ऐवजी मधल्या वारी, सकाळची गर्दी ओसरल्यावर निघावे.